पहिली सायकल: १२ इंची की १६ इंची?

लेक साडेतीन-चार वर्षांची झाली की हा प्रश्न येतोच, आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच की मोठीच घ्या, वाढत्या अंगाची आहे, दोन वर्षं जास्त चालेल. आमचंही तेच झालं, १६ इंची आणली आणि पोरगी सीटवर बसली की पायाचा फक्त अंगठा टेकायचा, मग काय, चार महिने सायकल नुसती उभी.

१२ किंवा १६ हा आकडा चाकाचा असतो, मुलाच्या उंचीचा नाही, त्यामुळे वयापेक्षा पायाची आतली लांबी मोजा. अनवाणी भिंतीला टेकून उभं करायचं, दोन पायांमध्ये पुस्तक वर सरकवायचं आणि तिथून जमिनीपर्यंत टेप लावायची. सीट अगदी खाली केल्यावर तिची उंची या मापापेक्षा जास्त भरली तर ती सायकल आत्ता नकोच.

साधारण ४० सेंमी आलं तर १२ इंची बरी, हलकी असते, पडली तरी पोर स्वतः उचलतं. पण लवकर लहान पडते हे खरंय. ५० च्या आसपास असेल तर सरळ १६ घ्या, १२ वर गुडघे हँडलला आपटतात.