नर्सिंग परिषदेत बोलायचं आमंत्रण आलंय? पैसे भरण्याआधी हे वाचा

मी सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात सोळा वर्षं स्टाफ नर्स आहे. त्यातली शेवटची नऊ वर्षं एसएनसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात, कमी वजनाच्या आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांबरोबर गेली. गेल्या वर्षी माझी फसवणूक झाली. ती मी इथं लिहितेय, कारण तसाच मेल आता आमच्याच युनिटमधल्या दोन मुलींना आलाय.

मेल आला तेव्हा मी नाइट करून घरी पोचले होते. सुरुवातच ‘रिस्पेक्टेड डॉक्टर’ अशी. मी डॉक्टर नाही, पीएचडीही नाही. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पुढे लिहिलं होतं की स्त्री-आरोग्य आणि नवजात शिशू परिचर्येवरच्या जागतिक परिषदेत वक्ता म्हणून तुमची निवड करताना आम्हांला अभिमान वाटतो. दिल्लीला, विमानतळाजवळच्या मोठ्या हॉटेलात, फेब्रुवारीत, दोन दिवस. मी तो मेल तीनदा वाचला. आमच्याकडे परिषदेला डॉक्टर जातात आणि मागे वॉर्ड आम्ही सांभाळतो. ‘सिस्टर, तुम्ही बोला, आम्ही ऐकतो’ असं इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. त्या लोकांना हे बरोबर माहीत असतं.

आणि माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. कांगारू मदर केअर म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवणं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ते सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितलं की कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला हे रोज 8 ते 24 तास मिळावं. कागदावर आठ तास वाचायला सोपे वाटतात. आमच्याकडे आया प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसायच्या, टाके दुखायचे, तासाभरात उठायच्या. सोबतची आजी म्हणायची, “बाळंतिणीला वारं लागंल, झाका तिला.” आम्ही पाठ टेकता येईल अशा खुर्च्या मागून घेतल्या, खिडक्यांना पडदे लावले, जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या शिवून घेतल्या, बाळ छातीशी घट्ट बसेल अशा. आजीला बाजूला काढण्याऐवजी तिलाच शिकवलं. आई जेवायला गेली की बाळ आजीच्या किंवा बापाच्या छातीवर. प्रत्येक बाळाच्या खाटेला तासांचा तक्ता अडकवला. हळूहळू ते तास वाढले. हे सगळं मला दुसऱ्या रुग्णालयांतल्या नर्सेसना सांगायचं होतं.

भाषणाचा सारांश पाठवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ‘स्वीकृत’ म्हणून पत्र हजर. मला आनंद झाला. आज कळतं की खऱ्या परिषदेत हे असं होत नाही. तिथं सारांश मागवण्याची तारीख काही महिने आधी जाहीर होते. परीक्षक लेखकाचं नाव न बघता वाचतात, नैतिकता समितीची मंजुरी विचारतात, दुरुस्त्या सांगतात, कितीतरी सारांश नाकारतात. माझ्या सारांशात एक वाक्य अर्धवट राहिलं होतं. ते कुणीही पकडलं नाही. नंतर तो तसाच छापला गेला, अर्ध्या वाक्यासकट.

मग पैसे. नोंदणी 16,500 रुपये, तीही ‘फक्त तीन दिवस सवलतीत’. दोन रात्रींच्या राहण्याचे 9,000. खातं संस्थेच्या नावाचं नव्हतं, एका माणसाच्या नावाचं होतं. जीएसटीची पावती मागितली तर ‘परिषदेच्या जागी मिळेल’. आमच्या इनचार्ज सिस्टरांनी विचारलं होतं, “अगं, भरवतंय कोण? कुठली असोसिएशन?” मी नाव सांगितलं. वर्ल्ड, काँग्रेस, विमेन्स, निओनेटल, नर्सिंग असे सगळे भारदस्त शब्द त्यात होते. त्या म्हणाल्या, “हे परिषदेचं नाव झालं. मागे माणसं कोण?” मला उत्तर देता आलं नाही, आणि तरी मी पैसे भरले. ह्यांनी भिशीतले पैसे काढून दिले.

इनचार्ज सिस्टरांचा तो प्रश्न मात्र सोन्यासारखा होता. आपल्याकडे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया 1908 पासून आहे, नॅशनल निओनेटॉलॉजी फोरम 1980 पासून. नवजात परिचर्येच्या नर्सेसची स्वतंत्र भारतीय संघटना आहे. अमेरिकेत याच विषयाच्या नर्सेसची मोठी संघटना दरवर्षी अधिवेशन भरवते. अशा संघटनांना सभासद असतात, निवडलेले पदाधिकारी असतात, कार्यालय असतं, फोन उचलणारं माणूस असतं. फसवणारे नेमकी यांच्याच नावांतले शब्द उचलतात आणि उलटसुलट जोडतात.

मिरजेहून गोवा एक्सप्रेसने गेले. नवी साडी घेतली होती. पेनड्राइव्हच्या तीन प्रती केल्या होत्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. हॉटेल खरं होतं, पण ‘भव्य सभागृह’ म्हणजे तळमजल्यावरची एक बैठकीची खोली. दारावर चार परिषदांची नावं एका खाली एक चिकटवली होती: नर्सिंग, दंतवैद्यक, अन्नतंत्रज्ञान आणि नॅनो काहीतरी. चारही त्याच खोलीत. माझ्या आधी एक तरुण मुलगा मातीतल्या क्षारांवर बोलला. आम्ही एकूण अकरा जण होतो आणि अकराही बोलणारेच. ज्याचं झालं तो प्रमाणपत्र घेऊन निघून जायचा. माझी वेळ आली तेव्हा समोर पाच जण उरले होते. त्यांतली एक केरळची नर्स होती, माझ्यासारखीच फसलेली. तिने मला तीन प्रश्न विचारले. त्या दोन दिवसांतलं खरं एवढंच.

जाहिरातीत ज्या परदेशी प्राध्यापिकेचा फोटो मोठा लावला होता, त्या ‘प्रकृतीच्या कारणाने’ आल्या नाहीत. परतल्यावर मी त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर त्यांना लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: मला याबद्दल काही ठाऊक नाही, माझं नाव विचारल्याशिवाय वापरलं आहे.

निजामुद्दीनला परत जाताना टॅक्सी रिंगरोडने सफदरजंग रुग्णालयाजवळून गेली, आणि तिथं मला रडू आवरलं नाही. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत मिळून झालेला कांगारू काळजीवरचा मोठा अभ्यास 2021 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, त्यातलं भारताचं केंद्र हे रुग्णालय. एक किलो ते 1.8 किलोपर्यंतच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवलं, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 12 टक्के होते. प्रकृती स्थिर होईपर्यंत थांबून मग ठेवलं तिथं 15.7 टक्के. हे आकडे माझ्या दुसऱ्याच स्लाइडवर होते. ज्या शहरात आयांनी आणि नर्सेसनी हे सिद्ध करून दाखवलं, त्याच शहरात मी ते पाच जणांपुढे वाचून आले.

प्रवास आणि जेवणखाण धरून 31,000 रुपये गेले. प्रमाणपत्र घेऊन, नर्स म्हणून असलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणाऱ्या क्रेडिट तासांची चौकशी केली, तर कार्यक्रमाला नर्सिंग कौन्सिलची आगाऊ मान्यताच नव्हती. तास शून्य. मैत्रिणींनो, ही चौकशी पैसे भरण्याआधी करायची. ‘आमची मान्यता आहे’ असं आयोजक म्हणाले तर मान्यतेच्या पत्राचा क्रमांक मागा आणि कौन्सिलकडूनच पडताळून घ्या.

त्यानंतर त्यांनी माझा सारांश न विचारता स्वतःच्या एका नियतकालिकात टाकला. मी काढा म्हटलं, तर मागे घेण्याचे 12,000 रुपये मागितले. ते मी दिले नाहीत आणि तुम्हीही देऊ नका. एकदा दिले की पुढची मागणी येते. पण नुकसान झालंच. एका चांगल्या नियतकालिकाला पूर्ण लेख पाठवायचा होता, आता आधी हा सगळा खुलासा जोडावा लागेल.

हा धंदा नवा नाही. अशाच प्रकारच्या, हैदराबादेत मूळ असलेल्या एका कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2016 साली खटला भरला. नामवंतांची नावं त्यांच्या संमतीविना परिषदांच्या जाहिरातीत घालणं हा त्यातला एक आरोप होता. 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला. हे मी पैसे गेल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर केरळच्या त्या मुलीलाही सांगता आलं असतं.

पैसे नुकतेच पाठवले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा. मी सहा आठवड्यांनी केला. परिषद ‘झाली’ आहे, पैसे तुम्ही स्वतः भरलेत, म्हणून ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार करा असं मला सांगण्यात आलं. केली आहे. मेल, भरण्याचे तपशील, दारावरच्या त्या चार नावांचा फोटो, सगळं जोडलंय. काही पुसून टाकू नका.

एक गोष्ट मात्र पैशांपेक्षा जास्त लागते. माझ्या एका स्लाइडवर एका आईचा फोटो होता, छातीवर साडीच्या पट्टीत तिचं बाळ. परिषदेत दाखवायला तिने सही करून परवानगी दिली होती, तेवढ्यासाठीच. आयोजकांनी तो पुढच्या परिषदेच्या जाहिरातीला वापरला. मी तिला फोन केला, कारण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं होतं. ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, “सिस्टर, तुम्ही म्हणालात म्हणून मी सही केली.” तिच्या घरच्यांनी अजून पाहिलेला नाही. फोटो काढण्यासाठी मी तीन पत्रं पाठवली, आमच्या वैद्यकीय अधीक्षकांनी एक. आज सकाळी पाहिलं, अजून तिथंच आहे.