वाईतल्या गॅरेजचा अनुभव: बेल्टच्या आवाजाचं दुखणं अखेर सापडलं

मी रोज पसरणी घाट चढून वाईहून पाचगणीला शाळेत जाते. शाळेतल्या आम्ही चौघी माझ्याच गाडीतून येतो-जातो. गाडी 2013 ची, डिझेल, सात सीटर. यंदा जुलैपासून सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून ‘कुईंऽऽ’ असा आवाज यायचा. सगळी आळी जागी व्हायची. दहा-पंधरा सेकंदांनी थांबायचा, पण घाटात धुकं लागलं, दिवे, वायपर, एसी सगळं एकदम चालू झालं आणि वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुन्हा सुरू.

पहिल्या गॅरेजात आवाज ऐकताच नवीन बेल्ट घातला, म्हणजे इंजिनच्या फिरण्यावर बाकीचे भाग फिरवणारा रबरी पट्टा. दोन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून बेल्टवर मारायचा स्प्रे मारून घेतला, तो एक दिवस टिकला. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) गेलाय, साडेअकरा हजार. तिथे बॉनेट उघडलं होतं, पण कशाला हात लावलेला मी पाहिला नाही. म्हणून पैसे भरण्याआधी या गॅरेजात आले.

इथल्या मिस्त्रीकाकांनी पहिल्या दिवशी गाडी तपासलीच नाही. “बाई, इंजिन गरम हाय. आता ते खरं बोलायचं न्हाई. रातीला गाडी हितंच ठेवा, सकाळी सातला या.” मी गेले. “पदर नीट खोचा आणि पंख्यापासून लांब उभ्या ऱ्हावा,” हे आधी बजावलं. गाडी सुरू केली, मला दिवे आणि एसी लावायला सांगितला. कुईंऽऽ. मग इस्त्री करताना वापरतो तसल्या बाटलीतून त्यांनी बेल्टच्या आतल्या बाजूला, लांबीभर गेलेल्या उंच धारांवर, पाण्याचा एक फवारा मारला. आवाज लगेच आधीपेक्षा मोठ्यानं आला. ते म्हणाले, पाण्यानं आवाज वाढला म्हणजे बेल्ट घसरतोय, त्याला ताण कमी पडतोय. नुसती चिवचिव असती आणि पाण्यानं काही वेळ थांबली असती, तर पुली, म्हणजे बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाकं, सरळ रेषेत आहेत का ते आधी बघितलं असतं.

मग इंजिन गरम होऊन आवाज थांबू दिला आणि दिवे चालू ठेवूनच बॅटरीवर मीटर लावला. 14.1 व्होल्ट. अल्टरनेटर चार्जिंग नीट करत होता. त्या आकड्यानं माझे साडेअकरा हजार वाचले.

त्यानंतर गाडी बंद करून बेल्ट काढला आणि बेल्टशिवाय इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं. आवाज नाही. म्हणजे इंजिनच्या पोटात काही नाही. एकेक पुली हातानं फिरवून मलाही फिरवायला लावली. आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) गुळगुळीत, अल्टरनेटरच्या बेरिंगला खरखर नाही, वॉटर पंपाला हलवून पाहिलं तर खेळ नाही. शेवटी टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग. पाना लावून त्याचा दांडा ओढला आणि सोडला. तो झटक्यात परत यायला हवा होता. हा अर्ध्यावर अडकला, मग सावकाश सरकला. स्प्रिंग मेली होती.

“आवाज पट्ट्याचा हाय, पण दुखणं पट्ट्याला न्हाई,” असं म्हणत काकांनी तो दोन महिन्यांचा बेल्ट उलटा करून माझ्या हातात दिला. आतल्या सहा धारांना आरशासारखी चकाकी आली होती, नख फिरवलं तर काचेवरून गेल्यासारखं. भेग एकही नव्हती. हल्लीच्या बेल्टला भेगा फार उशिरा दिसतात, धारा टायरसारख्या झिजतात, हे मला तिथंच कळलं. नवा बेल्ट सुरुवातीला धरून बसतो म्हणून दोन आठवडे शांत होते.

स्प्रेचा चिकटा मात्र पुलींच्या खाचांत धूळ धरून बसला होता. तो ब्रशनं घासण्यात त्यांचा अर्धा तास गेला आणि तेवढ्यासाठी त्यांनी मला चांगलंच सुनावलं. त्यांचं बरोबर होतं. माझ्या गाडीत वॉटर पंप आणि स्टिअरिंगचा पंप दोन्ही याच बेल्टवर आहेत. घाटात तो तुटला असता तर स्टिअरिंग जड झालं असतं आणि इंजिन तापलं असतं, तेही चार जणी बसलेल्या गाडीत.

टेन्शनर 2,450, बेल्ट 950, मजुरी तपासणीसकट 700. एकूण 4,100 रुपये. तपासायचे पैसे ते सांगून घेतात आणि मला ते आनंदानं द्यावेसे वाटले, कारण बाकीच्यांनी मला सुटे भाग विकले, यांनी आधी कारण शोधलं. काढलेला टेन्शनर न मागता पिशवीत घालून दिला. सप्टेंबरपासून आज तीन महिने झाले, थंडीतही गाडी चूप आहे.

अडचणी दोन. सकाळी दोनच गाड्या घेतात, त्यामुळे मला चार दिवस थांबावं लागलं. आणि बायकांना बसायला धड जागा नाही, एक खुर्ची तरी ठेवा असं मी काकांना सांगून आले आहे.

आवाज सकाळचाच असेल तर गाडी आदल्या रात्रीच त्यांच्याकडे लावा.