बोअरचा नकाशा: मॅग्नेटिक घ्यावं की जायरो?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या बोअरमधून निघालेला बेसाल्टचा कोर, म्हणजे खडकाचा गोल तुकडा, उचला आणि खिशातल्या होकायंत्राजवळ हळूहळू न्या. बऱ्याचदा सुई जागची हलते. बोअर जमिनीखाली कुठे वळलं ते मोजायला भाड्याने कोणतं सर्व्हे-यंत्र आणावं, मॅग्नेटिक की जायरो, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे करून बघायला सांगतो, कारण मॅग्नेटिक यंत्र दिशा ठरवतं ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या भरवशावर, आणि असा खडक त्यातच गोंधळ घालतो.

बोअरची वाट कोणतंच यंत्र थेट बघत नाही. ठरावीक खोलीवर कल (उभ्यापासून किती झुकलं ते) आणि दिशा मोजायची, मधली वाट गणिताने जोडायची. कल दोन्ही यंत्रं गुरुत्वाकर्षणावरून घेतात, त्यात फारसा फरक पडत नाही. खरा प्रश्न दिशेचा. उत्तर दिशा शोधणारा जायरो पृथ्वीच्या फिरण्यावर, म्हणजे ताशी 15 अंशांवर, दिशा पकडतो. लोखंड असो की बेसाल्ट, त्याला त्याचं सोयरसुतक नाही.

म्हणून डोळे मिटून जायरोच आणावा असंही नाही, त्याचं भाडं जड पडतं. आधी हिशेब मांडा. कोळशासाठी घेतलेलं 400 मीटरचं उभं बोअर सरासरी 5 अंश कललं, तर तळ साधारण 35 मीटर सरकतो. त्यात दिशा 10 अंश चुकली तरी तळाची जागा 6 मीटरनेच चुकते. दूरवर पसरलेल्या थरासाठी एवढं चालतं. पण तुमसरकडे मँगनीजसाठी तेवढंच बोअर उभ्यापासून 30 अंश तिरकं मारलं, तर तळ 200 मीटर बाजूला जातो आणि दिशेतली 5 अंशांची चूकच 17 मीटरची होते. पुढचं बोअर कुठे घ्यायचं तेच मग चुकतं. तिथे जायरोवर पैसे वाचवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

वणी भागात मात्र निर्णय फिरतो तो रॉडमुळे, म्हणजे खोदणारं टोक (बिट) फिरवणाऱ्या पोकळ नळ्यांमुळे. पोलादी रॉडच्या आत मॅग्नेटिक यंत्राची दिशा कामाची नसते. ते बिटच्या पुढे उघड्या भोकात सोडावं लागतं, आणि कामठी थरातला मऊ वाळूखडक किंवा माती ढासळली की यंत्र अडकलंच. जायरो रॉडच्या आतूनच खाली-वर होतो. तेलविहिरींत बिटच्या मागे बिनचुंबकी कॉलर (जाड नळी) लावतात आणि खोदतानाच भोकात फिरवलेल्या चिखलाच्या दाबातून आकडे वर येतात. आपल्या साध्या रिगवर ती सोय नाही.

मॅग्नेटिकच आणलं, तर प्रत्येक नोंदीसोबत एकूण चुंबकीय जोरही बघा. तो मध्येच उडाला की त्या जागची दिशा धरू नका. यंत्र कोणतंही असो, खाली जाताना आणि वर येताना दोन्ही वेळा नोंद घ्या.

आणि रॉड स्वतः मोजा. आमच्या एका बोअरवर दोन्ही वेळचे आकडे जुळले, तरी थराची खोली काही केल्या बसेना. शेवटी पऱ्हाटीच्या धुऱ्यावर सगळे रॉड मांडून मोजले. वहीत एक रॉड जास्त लिहिलेला होता. त्याच्या खालची प्रत्येक नोंद 3 मीटरने सरकली होती, आणि अख्खा नकाशा पुन्हा काढावा लागला.