रबरवर उडणारं पेनीप्लेन: पावसाळा ते उन्हाळा वापरून

गेल्या पावसाळ्यापासून लिमिटेड पेनीप्लेन, म्हणजे बंद हॉलमध्ये उडवायचं हलकंफुलकं मॉडेल विमान, उडवतोय, पुण्यात, ओळखीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये, तर आता नीट लिहितो. मत आधीच सांगून टाकतो, विमानावर फार पैसे घालू नका, रबर, वाइंडर (रबराला पीळ भरायचं यंत्र) आणि टॉर्क मीटर (पिळाचा जोर मोजणारा) यांवर घाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात मोटर नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही, फक्त पीळ भरलेलं रबर. नियमाने पंखांची एकूण लांबी जास्तीत जास्त १८ इंच आणि रबर सोडून वजन किमान ३.१ ग्रॅम. आपलं २०११ च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे, त्यावरून अंदाज घ्या.

किट ऑनलाइन घेतलं. बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, पट्ट्या एकसारख्या नव्हत्या, काही सरळ जड होत्या, म्हणून ०.०१ ग्रॅमचा सोनारी काटा घेऊन प्रत्येक पट्टी तोलून निवडली, हा काटा हवाच. पंखावर टिश्यू लावला तर पावसाळ्यात तो ओल धरतो आणि सैल पडतो, बाल्सापण ओलावा पितो, तेच विमान जुलैत जड भरतं. पातळ प्लास्टिक लावल्यापासून निदान पंख तरी ताणलेला राहतो. पतंगाचा कागद नको, खूप जड.

आता खरी गोष्ट रबराची. टॅन सुपर स्पोर्ट नावाचं रबर घ्या, महाग आहे पण त्याला तोड नाही. सिलिकॉन लावायचं, चार-पाच पट ताणायचं, निम्मे पीळ तसेच भरायचे आणि मग हळूहळू जवळ येत बाकीचे. पूर्ण पीळ असताना सुरुवातीचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, इतका असतो की विमान थेट छताला जाऊन लाइटच्या पाइपात अडकतं, म्हणून शेवटी थोडे पीळ उलटे सोडायचे, आणि किती सोडायचे ते टॉर्क मीटरच सांगतो. मीटर आल्यावर दर वेळी सारखीच चढण मिळायला लागली. आधी जेमतेम दीड मिनिट टिकणारं तेच विमान आता चार मिनिटांच्या आसपास राहतं, आणि प्रोपेलर इतका सावकाश फिरतो की पाती वेगवेगळी दिसतात, बघतच राहावंसं वाटतं हो!

ट्रिम करताना, म्हणजे विमान नीट उडावं म्हणून जुळवताना, डावा पंख उजव्यापेक्षा थोडा लांब ठेवा, कारण प्रोपेलरच्या टॉर्कने विमान डावीकडे कलतं आणि गोलही तिकडेच घेतं.

त्रास एकच, हवा. पंखे, एसी, दारं सगळं बंद लागतं, कोणी रॅकेट फिरवत असेल तर विसरा. आम्ही खेळणारे यायच्या आधी पहाटे जातो. रोमानियात स्लानिकला मिठाच्या खाणीत स्पर्धा भरवतात ते याचसाठी, तिथली एफवनडी (आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वर्गातली) विमानं रबर सोडून १.४ ग्रॅमची, रबर फक्त ०.४ ग्रॅम, आणि वीस मिनिटांहून जास्त हवेत. ते बघून मोह होतो, पण सुरुवात पेनीप्लेननेच करा, याची काडी हातात धरता येते, तुटली तर तिथल्या तिथे चिकटते. मुलं असतील तर दहाएक वर्षांपुढची असू द्या, आणि रबराची जास्तीची गुंडाळी आधीच मागवून अंधारात, थंड जागी ठेवा, यायला फार वेळ लागतो.