मराठीत ब्लॉग सुरू करायचाय, मग ब्लॉगर, वर्डप्रेस की आणखी काही?

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या मावशी निवृत्त शिक्षिका आहेत. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं आणि त्यांनी वर्षानुवर्षं उतरवून ठेवलेल्या ओव्यांच्या निम्म्या वह्या लगदा होऊन गेल्या. उरलेल्या इंटरनेटवर चढवायचं त्यांनी ठरवलं. "ब्लॉग कुठं काढू रे?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून एकेक प्रकार करून पाहिला. त्यातून जे कळलं ते इथं देतो.

ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झालं आणि २००३ मध्ये गूगलनं ते विकत घेतलं. जीमेलचं खातं असलं की पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा राहतो. पैसे लागत नाहीत आणि तुमच्या लेखावर ते आपणहून जाहिराती टाकत नाहीत. स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा आपल्या नावाचा पत्ता, घेतलंत तर तेही फुकट जोडता येतं, खर्च फक्त डोमेनचा. उणीव एकच, पण मोठी. रूप जुनाट वाटतं आणि नवं काही फारसं येत नाही.

मावशींनी पहिला लेख रंकाळ्यावर लिहिला. प्रसिद्ध केल्यावर लिंक पाहिली तर शेवटी नुसतं 'ब्लॉग-पोस्ट', रंकाळ्याचा पत्ताच नाही. ब्लॉगर लिंक बनवताना देवनागरी अक्षरं गाळून टाकतं. पुढच्या लेखालाही तेच नाव, फक्त मागं एक आकडा. उपाय सोपा आहे. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये, म्हणजे लेखाची लिंक ठरवायच्या रकान्यात जाऊन रोमन लिपीत छोटं नाव टाकायचं. हे आधीच करा, लेख प्रसिद्ध झाल्यावर लिंक सहज बदलता येत नाही.

वर्डप्रेसची तऱ्हा उलटी. ते देवनागरी शीर्षक लिंकमध्ये तसंच ठेवतं, पण लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की टक्क्यांच्या खुणा आणि आकडे यांची हातभर लांब माळ दिसते, कारण प्रत्येक देवनागरी अक्षराची त्यात नऊ चिन्हं होतात. वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी फसवाफसवी आहे. म्हणून तिथंही रोमन नाव द्या.

वर्डप्रेस म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. वर्डप्रेस डॉट कॉमवर खातं काढलं की झालं, पण फुकटच्या योजनेत त्यांच्या जाहिराती दिसतात, जागा १ जीबी मिळते आणि स्वतःचं डोमेन जोडायला पैसे भरावे लागतात. मोबाइलचा एक फोटो ४ एमबीचा धरला तर अडीचशे फोटोंत जागा संपली. पन्हाळा आणि दाजीपूरच्या भटकंतीवर लिहिणाऱ्याला ती एका पावसाळ्यातच कमी पडेल.

वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर. ते मोफत आहे, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि डोमेन तुमचं तुम्ही घ्यायचं. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळं अडलं तर सांगणारा भेटतोच. हवं ते प्लगइन (जादा सोयीचा जोड) बसवा, दुकान मांडा. मात्र अपडेट आणि बॅकअप दोन्ही तुमच्या गळ्यात. मी स्वतः यात पोळलोय. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेलं होस्टिंग दुसऱ्या वर्षी जवळपास तिप्पट झालं. भरू भरू म्हणत राहिलो आणि एक दिवस साइटच गेली. बॅकअप नव्हता. सगळं लिखाण कायमचं गेलं, त्याची हळहळ अजून आहे. होस्टिंग घेताना नूतनीकरणाचा दर आधी विचारा.

मीडियम २०१२ चं, इव्हान विल्यम्स यांनी काढलेलं. ब्लॉगर घडवणाऱ्यांतही तेच होते. दिसायला देखणं, पण तिथला वाचक बहुतेक इंग्रजीचा.

सबस्टॅक २०१७ मध्ये आलं. लेख थेट वाचकाच्या ईमेलवर जातो. वर्गणी ठेवलीत तर १० टक्के ते घेतात. वाचकांच्या ईमेलची यादी तुम्हाला उतरवून घेता येते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण आपल्याकडं घराघरांत वाचन होतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेल कामापुरतं उघडतात. शहरातल्या, नोकरदार वाचकांसाठी लिहीत असाल तरच इकडं वळा.

कुठंही गेलात तरी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं सारखाच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत हवा. मावशींचे दोन जुने लेख छापखान्यातून श्रीलिपी या जुन्या फाँटपद्धतीत आले होते. चिकटवले तर पडद्यावर नुसत्या अगम्य खुणा. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागले.

माझं मत विचाराल तर नवख्यानं ब्लॉगरवर सुरुवात करावी आणि पहिल्याच दिवशी स्वतःचं डोमेन घ्यावं. पुढं वर्डप्रेसवर जायचं झालं तर ब्लॉगरचे लेख तिथं आणता येतात, आणि लिंकची रचना तशीच ठेवली तर जुन्या लिंकही चालू राहतात. करवीर तालुक्यात गुऱ्हाळ असलेल्या माझ्या मित्राला मात्र गूळ विकायचा होता, ऑर्डर घ्यायच्या होत्या. त्याला मी सरळ होस्टिंग घेऊन वर्डप्रेस बसवायला सांगितलं.

मावशींनी ब्लॉगर घेतलं. दर महिन्याच्या एक तारखेला त्या सेटिंगमधून बॅकअपची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घेतात. त्या फाइलमध्ये फोटो येत नाहीत, म्हणून ते वेगळे ठेवतात. जून लागला की तो पेनड्राइव्ह राजारामपुरीत माझ्या घरी येतो आणि पंचगंगा ओसरेपर्यंत माझ्याच कपाटात राहतो.