निकोडेमस, ग्रॅहम काउंटी, कॅन्सस : एका निवृत्त भूकरमापकाचा अभिप्राय

जमिनीच्या कागदांत माझी ३१ वर्षं गेली. तालुका भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होतो. टिप्पण, फाळणी, गटबुक, हद्दीचे दगड, हेच रोजचं काम. या उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या विचिटाला आलो, तेव्हा शेजारच्या बाईंनी एक फाइल आणून माझ्यापुढे ठेवली. बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, कृष्णवर्णीय. माझी नोकरी कसली होती ते त्यांना लेकीकडून कळलं होतं. फाइल त्यांच्या खापरपणजोबांच्या जमिनीची होती आणि त्यातलं मोजणीचं गणित त्यांना लागत नव्हतं.

१८६२च्या होमस्टेड कायद्याने इथलं सरकार १६० एकर जमीन द्यायचं. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि मग हे सगळं साक्षीदारांनिशी शाबीत करायचं. फी सगळी मिळून १८ डॉलर. बाईंच्या खापरपणजोबांनी अशी जमीन घेतली ती कॅन्ससच्या ग्रॅहम काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), निकोडेमस गावाच्या शिवेला लागून. हे गाव १८७७ साली केंटकीहून आलेल्या लोकांनी वसवलं. त्याच्या बारा वर्षं आधीपर्यंत केंटकीत गुलामगिरी होती, आणि आलेल्यांपैकी बहुतेकांनी ती भोगली होती. मुक्त झालेल्यांची अशी बरीच गावं त्या काळात वसली आणि उठून गेली. निकोडेमस अजून आहे. १९९६पासून त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे आणि नॅशनल पार्क सर्व्हिस ते सांभाळते. आम्ही तिघं, बाई, लेक आणि मी, दोन दिवस तिकडे जाऊन आलो. इकडे मुलांकडे येणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना सहसा मोठी शहरं आणि धबधबे दाखवले जातात. हेही दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी फाइलबद्दल सांगतो, कारण खरी किल्ली तीच आहे. होमस्टेडच्या मूळ फाइली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. अर्ज करून, शुल्क भरून नक्कल मिळते. जमिनीचा अखेरचा हक्कलेख, म्हणजे पेटंट, मात्र ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट दिसतो. नाव आणि काउंटी टाकली की प्रतिमा समोर. पण पेटंट म्हणजे नुसता सातबारा. त्यामागचा फेरफार, जबाब, पंचांची नावं हवी असतील तर फाइलच मागवावी लागते.

त्या फाइलमध्ये छापील प्रश्न होते आणि पुढे टाकाने लिहिलेली उत्तरं. वय काय, कुटुंबात माणसं किती, घर केव्हा बांधलं, कशाचं, किमतीला किती, विहीर आहे का, किती एकर नांगरून लागवडीला आणली, किती हंगाम पीक घेतलं. घर होतं डगआउट, म्हणजे जमिनीत खणलेलं, वर मातीच्या गठ्ठ्यांचं छप्पर. ३५ एकर लागवडीला आणलेली. शेवटी सहीच्या जागी पहिलं नाव, मग एक फुली, मग आडनाव. फुलीच्या वर आणि खाली बारीक अक्षरांत कारकुनाने लिहिलेलं, 'त्याची निशाणी'. मी हात लावून पाहिलं, नक्कल असूनही. आपल्याकडच्या जबाबांवर 'नि. डा. अं.', म्हणजे निशाणी डावा अंगठा, असं लिहून निळा अंगठा उमटवलेला हजारदा पाहिलाय. ही फुली तीच. फरक एवढा, की या माणसाला लिहायला शिकवणारी व्यवस्थाच त्याच्या वाट्याला येऊ दिली नव्हती.

मोजणीचं गणित सुटायला दहा मिनिटं लागली. इथे सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन म्हणजे एक टाऊनशिप, त्याचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा. होमस्टेड म्हणजे त्यातला चतकोर. त्यांची साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. आपली मुंबई इलाख्याची ३३ फुटांची, सोळा आण्यांची, त्यांच्या बरोबर निम्मी. चतकोराची एक बाजू अर्धा मैल, म्हणजे आपल्या साखळीने ८०. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. ऐंशी गुणिले ऐंशी, ६,४०० गुंठे, १६० एकर. आणा-पै जमलं! बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

आता वंशावळीचं. गुलामगिरीतून आलेल्या घराण्यांचा माग काढताना सगळे जण १८७०च्या जनगणनेवर येऊन थडकतात. मुक्त झालेली माणसं नावानिशी नोंदली गेली ती तिथे पहिल्यांदा. १८५० आणि १८६०च्या गुलाम-याद्यांत मालकाचं नाव आहे. त्याखाली नुसतं वय, लिंग, वर्ण. गोठ्यातल्या जनावरांची मोजदाद करावी तशी. पुढे १८९०ची जनगणना वॉशिंग्टनमधल्या १९२१च्या आगीनंतर जवळपास सगळी गेली. कॅन्ससमध्ये जन्म-मृत्यूची राज्यव्यापी नोंद सुरू झाली तीच १९११ साली. म्हणजे ज्या वर्षांत ही माणसं गाव उभं करत होती, नेमकी तीच वर्षं कोरी.

त्या कोऱ्या जागेत कॅन्सस राज्याच्या स्वतःच्या जनगणना उपयोगी पडतात, १८८५ आणि १८९५च्या. त्यात 'कॅन्ससला कुठून आलात' असा एक रकाना आहे. सगळ्या अमेरिकेत मला आवडलेला हा सर्वांत सुंदर रकाना. बाईंनी १८८५चं पान फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर शोधून ठेवलं होतं. आम्ही फाइल आणि ते पान शेजारी शेजारी ठेवून वाचलं. फाइलमधला दुसरा साक्षीदार त्या पानावर तीनच घरं पलीकडे, केंटकीहूनच आलेला, आणि त्याच्या घरात एक म्हातारी आई. तिचं नाव बाईंच्या घरात पिढ्यानपिढ्या मुलींना ठेवलं जातंय. साक्षीदार म्हणजे खापरपणजीचा भाऊ असावा, असं दिसतं. आपल्याकडे पंच म्हणून भावकीतला नाहीतर सोयऱ्यातला माणूस उभा राहतो, त्यामुळे मी पहिल्यापासून साक्षीदारांकडेच बघत होतो. बाईंनी दोन वर्षं ते नाव 'शेजारी' म्हणून बाजूला ठेवलं होतं.

त्यांची ती दोन वर्षं एका सशुल्क संकेतस्थळाने खाल्ली, हेही सांगायला हवं. वर्षाची वर्गणी भरली, तयार वंशवृक्षाच्या सूचना येत राहिल्या, आणि एक दिवस त्यांचे खापरपणजोबा भलत्याच राज्यातल्या त्याच नावाच्या एका माणसाला जोडले गेले. त्याची बायको वेगळी, मुलं वेगळी, तरी ते झाड पुढे चौघांनी उतरवून घेतलेलं. बाईंनी दुरुस्तीसाठी तीनदा लिहिलं, उत्तर नाही. वंशवृक्ष विकत मिळत असेल तर आधी त्याचा पुरावा मागा. पुरावा नसलेली नोंद मी नोकरीत कधी मंजूर होऊ दिली नाही.

आता प्रत्यक्ष गाव. विचिटाहून सलायना, हेज, तिथून उत्तरेला स्टॉकटन आणि मग २४ नंबरच्या हायवेने पश्चिमेला. चार तासांच्या आसपास. गाव रस्त्याला लागूनच आहे. पार्क सर्व्हिसचं केंद्र टाऊनशिप हॉलमध्ये, १९३९ साली बांधलेल्या चुनखडी दगडाच्या इमारतीत. प्रवेश फुकट. तिथल्या रेंजरने आमच्याशी तासभर बसून बोलणं केलं, बाईंची फाइल पानापानाने पाहिली आणि कुठला चतकोर कुठे येतो ते भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. सरकारी माणसाने कागद घेऊन आलेल्याशी असं वागावं.

जुन्या इमारती पाच. हॉल धरून १८८५चं ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च, १९०७चं बॅप्टिस्ट चर्च, १९१८ची शाळा आणि फ्लेचर दाम्पत्याचं सेंट फ्रान्सिस हॉटेल. झॅकरी फ्लेचर गावचे पहिले पोस्टमास्तर, पत्नी जेनी पहिल्या शिक्षिका. ही नावं बाई मोठ्याने वाचत होत्या. विलिआना हिकमन यांची हकीगत तिथेच कळली. १८७८ साली त्या आल्या, वाटेत एलिस स्टेशनवर गोवराने लोकांची मुलं गेली होती. नवऱ्याने दूरवर बोट दाखवून हेच गाव म्हटलं, तर त्यांना घर एकही दिसेना, नुसता जमिनीतून निघणारा धूर. त्या रडू लागल्या. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या मूळनिवासी ओसेज लोकांनी या वस्तीला मांस दिलं नसतं तर निभाव लागणं कठीण होतं.

पुढे याच काउंटीत राहिलेले एडवर्ड मकेब १८८२ साली राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. त्याच्या चार वर्षं आधी ते इथे आले होते. पण गावाचं नशीब रेल्वेपाशी अडलं. १८८७मध्ये गावाने रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले, तरी रूळ गेले ते सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून. दुकानं उचलून लोक रुळालगतच्या बोग गावी गेले.

याचाच धागा दुसऱ्या दिवशी हिल सिटीत मिळाला. काउंटीचं मुख्य ठिकाण ते. सगळ्या काउंटीची वस्ती आज अडीच हजारांच्या आत. कोर्टहाउसमधल्या दस्तनोंदणी कार्यालयात बाईंनी आधी फोन करून ठेवला होता, त्यामुळे भल्या जाड वह्या काढून ठेवलेल्या. सूची दोन, एक लिहून देणाऱ्याच्या नावाची, एक लिहून घेणाऱ्याच्या. आपल्या दुय्यम निबंधकाकडे बसल्यासारखं वाटलं. १८८७ साली त्या चतकोरावर गहाणखत आहे, रेल्वेच्या आशेच्या वर्षीचं. १८९४ला जमीन दुसऱ्याच्या नावे. बाई बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसल्या. घरात सांगत असत की खापरपणजोबांना शेतीचा कंटाळा आला. कंटाळा नव्हता, कर्ज होतं.

संध्याकाळी आम्ही तो चतकोर पाहिला. सेक्शनच्या रेघेवरून दर मैलाला रस्ता असतो, त्यामुळे कोपरा गाठणं सोपं. आता तिथे दुसऱ्या कुणाचा गहू. आम्ही बांध ओलांडला नाही, रस्त्यावरूनच मी दिशा दाखवल्या.

जाणाऱ्यांसाठी : गावात पेट्रोल नाही, खाण्याचं दुकान नाही. हिल सिटी किंवा स्टॉकटनला पोटपूजा उरकावी. आम्ही थालीपीठं बांधून नेली होती, बाईंना ती फार आवडली. केंद्राच्या वेळा आधी पाहून घ्या. कार्यालयात वह्या पाहायच्या तर टाऊनशिप, रेंज (टाऊनशिपांचा उभा पट्टा) आणि सेक्शनचा आकडा लिहून न्या, नुसत्या नावाने तास जातील. पाचपैकी पाच तारे देतो, दोन्ही जागांना.

जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इमॅन्सिपेशनचा, म्हणजे गुलामगिरीतून मुक्तीचा मेळा असतो, देशभर पांगलेले वंशज गावी येतात. बाई जाणार आहेत. त्या साक्षीदाराच्या घरचं कुणी भेटलं तर दाखवायला म्हणून मी आपल्या टिप्पणाच्या पद्धतीने त्या सेक्शनचा नकाशा काढून दिलाय, चारी चतकोरांत मूळ धारकाचं नाव घालून. तीन नावं पेटंटवरून लागली. ईशान्येचा चतकोर अजून कोरा आहे.