भरीव सागवान, इंजिनिअर्ड वूड की लॅमिनेट: घराचं काम काढताना लाकडी फ्लोअरिंग कसं निवडावं

दुकानात तीन तुकडे समोर ठेवतात आणि वरून तिन्ही सागवानच दिसतात. तुकडा हातात घ्या, आडवा धरा आणि त्याची कड बघा. पहिल्याला वरपासून खालपर्यंत एकच लाकूड असतं, वरच्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसतात. हे भरीव सागवान, साधारण १८ ते २० मिमी जाड. दुसऱ्याला वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली उभे-आडवे चिकटवलेले प्लायचे पापुद्रे. हे इंजिनिअर्ड वूड. तिसऱ्याची कड तपकिरी, दाबलेल्या भुश्यासारखी. त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि कागदावर पारदर्शक कडक थर. हे लॅमिनेट, ८ किंवा १२ मिमी.

यातलं काय घ्यायचं हे रंगावरून ठरवू नका, आणि नुसत्या भावावरूनही नको. आपल्या घरात पाणी कुठून येतं आणि जमीन कशी पुसली जाते, यावरून ठरवा.

आम्ही पुण्यातल्या तीस वर्षं जुन्या फ्लॅटचं काम काढलं तेव्हा हॉलमध्ये इंजिनिअर्ड ओक आणि मागच्या बेडरूममध्ये १२ मिमीचं लॅमिनेट घातलं. पहिल्याच जुलैत बेडरूमच्या स्लायडिंग खिडकीच्या खालच्या चॅनेलमधली पाणी जायची भोकं कचऱ्याने बुजली आणि रात्रभर पाऊस आत झिरपला. सकाळी ताटाएवढंच थारोळं होतं. पुसलं, पंखा लावला, झालं असं वाटलं. तिसऱ्या दिवशी अनवाणी चालताना सांधा पायाला टोचला. दोन पट्ट्यांच्या कडा फुगून वर आल्या होत्या आणि छापील थर कडेला सुटू लागला होता. लॅमिनेटचा गाभा एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. घासून सपाट करावं तर खाली कागद. पट्ट्या बदलणं एवढाच उपाय, आणि त्या एकमेकींत अडकवलेल्या असल्यामुळे भिंतीपासून उकलत यावं लागतं. उरलेली एक पेटी माळ्यावर होती म्हणून निभावलं, कारण ती छटा तोवर दुकानातून बंद झाली होती.

तरीही लॅमिनेटला मी वाईट म्हणणार नाही. खुर्ची सरकवणं, मुलांची खेळणी, कुत्र्याची नखं हे सगळं ते इतर दोघांपेक्षा चांगलं सोसतं. पेटीवर एसी-३, एसी-४ असा दर्जा छापलेला असतो, तो झिजेचा. घराला एसी-४ भरपूर झालं. जुन्या फरशीवर दोन-तीन मिमीचा फोम अंथरायचा आणि वर पट्ट्या अडकवत जायचं. खिळा नाही, सिमेंट नाही. एक खोली दिवसात होते, आणि काढायची वेळ आली तर खालची फरशी जशीच्या तशी मिळते. पाच-सात वर्षांत घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं असेल तर लॅमिनेटच घ्या.

हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं-आकसतं, म्हणजेच हलतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठाक असते आणि जुलैत ओली चिंब. चार इंच रुंद सागवानी फळीतला ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर ती पाऊण मिलिमीटरपर्यंत रुंद होऊ शकते. बारा फूट खोलीत अशा छत्तीस फळ्या, म्हणजे सगळी मिळून एक इंचाच्या आसपास वाढ. म्हणूनच भिंतीलगत १०-१२ मिमी फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात. ही फट नको, घट्ट बसवा, असं मिस्त्रीला सांगणाऱ्यांच्या घरात पावसाळ्यात फ्लोअरिंग मध्यभागी उचलून येतं. ओक तर सागाच्या जवळपास दुप्पट हलतो, त्यामुळे भरीव ओकचा मोह आपल्या हवेत नको. तोच ओक इंजिनिअर्डमध्ये शांत राहतो, कारण खालचे उभे-आडवे पापुद्रे एकमेकांना धरून ठेवतात.

सागाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. अट एवढीच की फळी गाभ्याची हवी; कडेचा पांढरा भाग वाळवी आधी खाते. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग आपल्या घरचा, आणि त्याचं नाव मोठं आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून लाकूड गेलं. ‘बर्मा टीक’ म्हणून कोणी नवा माल दाखवला तर जरा थांबा. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे, तेव्हा माल कुठून आला याचे कागद मागा.

माझं मन मात्र जुन्या वाड्यांच्या लाकडावर आहे. वाडा पाडला की त्याच्या तुळया वखारीत येतात आणि त्या चिरून फळ्या काढता येतात. शंभर वर्षं मुरलेलं लाकूड असतं ते. मी एक तुळई चिरताना पाहिली आहे. बाहेरून काळीकुट्ट, धुराने माखलेली. करवत फिरली आणि आतून मधाच्या रंगाचा गाभा उघडा पडला, वखारभर सागाचा तो तेलकट वास. असं लाकूड घेतलंत तर खिळे बारकाईने शोधून काढायला लावा. आत मोडलेला एक खिळा रंध्याचं पातं फोडतो.

भरीव सागाची खरी अडचण उंचीची. जमिनीवर आधी १२ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर १८ मिमीची फळी, म्हणजे खोली तीन सेंटिमीटर वर येते. सगळी दारं खालून कापा, कपाटांच्या झडपा तपासा, बाथरूमच्या उंबऱ्याचा विचार करा. शिवाय बसवल्यावर घरातच सँडिंग, मग पॉलिशचे हात, आणि त्या वासात दोन-चार दिवस तिथे राहता येत नाही. घर रिकामं असतानाच हे जमतं. बदल्यात मिळतं ते असं, की दहा-पंधरा वर्षांनी घासून पॉलिश केलं की जमीन पुन्हा नवी होते. इंजिनिअर्डला ही संधी एकदा, जाड थर असला तर दोनदा. लॅमिनेटला कधीच नाही.

पुसण्याबद्दल. आपल्याकडे बादलीत फडका बुडवून रोज जमीन पुसतात आणि ते योग्यच आहे, फरशीला. कामाला येणाऱ्या मावशींना मी पहिल्याच दिवशी फडका कोरडा होईपर्यंत पिळून दाखवला आणि फिनाइलची बाटली बाथरूमपुरती ठेवली. हे रोज पाळणं जमणार नसेल तर लाकूडच घेऊ नका. एसपीसी घ्या. ते लाकूड नाही, चुन्याच्या दगडाची भुकटी आणि पीव्हीसी, पण पाण्याने बिघडत नाही. स्वयंपाकघरात मी तेही घालत नाही, तिथे टाइल बरी. तळमजल्यावर किंवा कोकणातल्या घरात, जिथे जोत्यातून ओल वर येते, तिथे भरीव लाकूड टाळा.

ओल आहे का ते तुम्हीच बघू शकता. दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा चौकोन जमिनीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली दव दिसलं किंवा जमीन काळपट झाली असेल तर काम थांबवा. नवीन कोबा केला असेल तर इंचाला महिना धरून वाळू द्या. मिस्त्री घाई करेल, तुम्ही करू नका. लाकडाच्या पेट्याही आधी त्याच खोलीत ठेवायच्या: लॅमिनेट दोन-तीन दिवस, भरीव लाकूड आठ-पंधरा.

आम्ही फिरलो तेव्हा लॅमिनेट चौरस फुटाला सव्वाशे ते पावणेदोनशे, इंजिनिअर्ड चारशे ते साडेसहाशे आणि भरीव साग आठशेच्या पुढे होता. सागाची मजुरी आणि पॉलिश वेगळं. स्वतःच्या घरात, वरच्या मजल्यावर, वीस वर्षं राहायचं असेल तर मी इंजिनिअर्ड घेईन. घर बंगला असेल, कामाच्या वेळी रिकामं असेल आणि वाड्याची तुळई हाती लागली असेल, तर डोळे झाकून साग.

इंजिनिअर्ड घेताना कोटेशनमध्ये वरच्या लाकडी थराची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. ‘१४ मिमी इंजिनिअर्ड’ एवढ्यावर सही करू नका. बाजारात त्याच नावाने ०.६ मिमीचा थरही विकला जातो आणि तो एकदाही घासता येत नाही. किमान दोन, जमल्यास तीन मिमी. आणि मोजमापापेक्षा एक पेटी जास्त घेऊन माळ्यावर आडवी ठेवा, उभी नको, वाकते.